हलशी, साडेअकरा

टेम्पोतून उतरलो चौदा जण.
भरमाण्णानं छत्री उंचावली,
"मागं राहू नका की ओ, कदंबांचं गाव हे,
वाट चुकाल ते थेट पाचव्या शतकात."
हाच विनोद कन्नडमधूनही केला.
हसले तेच, पुन्हा.

समोरासमोर दोन गाभारे,
इकडे नरसिंह, तिकडे भूवराह,
मधल्या अंधारात आमची अनवाणी
गार पावलं.

शिलालेखाशी बोट थबकलं त्याचं.
"वाचायला धारवाडचे साहेब लागतात."
मग जोत्यावरची एक खाच
न बोलताच ओलांडली.
मी विचारलं.
"ती होय? आमच्या आत्तीची.
विळा घासायची इथं,
कुंपण नव्हतं तवा."

खानापूरच्या फाटकात टेम्पो थांबला
तेव्हा अंगठा चाखून पाहिला.
लोखंड लागलं नाही.
लागलं म्हणायलाही
हरकत नाही.