पंचनामा

विश्वामित्री उतरली तेव्हा
मंछीबेनच्या खोलीत मगरीचं पिल्लू निघालं,
शिलाई मशीनच्या पायडलखाली, गप्प.
फोन केला, वीस मिनिटांत गाडी.
जाळी, दोरी, डोळ्यांवर ओलं पोतं.
किती जपून उचललं त्याला.

सर्व्हेवाला नवव्या दिवशी आला.
"पाणी कुठवर?"
चौकटीवर एक रेघ होती, त्यानं टेप लावली.
"ती नाही," हेतल म्हणाली,
"ती मी. गेल्या दिवाळीची.
पाणी त्याच्यावर."

त्याच्यावर भिंतच उरली नव्हती.
त्यानं लिहिलं: खूण आढळली नाही.

मंछीबेन मशीनचं चाक हातानं फिरवून बघते,
गाळ करकरतो.
मगरीचं पोतं इथंच राहिलं.
दोनदा धुऊन तिनं ते दारात घातलंय.
येईल त्याला म्हणते,
पाय पुसून या.