नमुना क्रमांक सतरा

काळा घोडा पुलाखाली, रात्री पावणेदोनला,
टॉर्च पाण्यावर आडवा धरला
की डोळे उगवतात. तांबडे, जोडीनं.
जशुभाई मोजतात, मी वहीत रेघ मारते.
विश्वामित्रीचा वास सांगून कळणार नाही:
साबण, गटार, काठावर कुणी टाकलेली कोंबडीची पिसं,
आणि त्यात सुखानं पडलेली ही माणसं.
माणसं म्हटलं का मी?
असू दे, खोडत नाही.

सतरा नंबर नर आहे. पुढचा डावा पाय नाही.
भांडणात गेला असेल, किती वर्षांपूर्वी कोण जाणे.
डोळ्यांवर ओलं गोणपाट, जबड्याला दोर,
सहा जण अंगावर बसलेले.
मी मानेमागून दहा मिली रक्त काढलं
आणि परवान्यात नसलेली एक गोष्ट केली:
थोटकावर बोट ठेवलं.
कोरडं होतं. स्वच्छ.
कुणी घडी घालून, टाका मारून ठेवल्यासारखं.
त्या पाण्यात.

दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर
अण्णांचा पाय उशीवर असतो.
साखर तेवीस वर्षांची, जखम अकरा महिन्यांची.
अंगठा गेला, मग शेजारचं बोट.
रिपोर्टावर औषधांची नावं एकाखाली एक
आणि प्रत्येकापुढे आर, आर, आर.
"एवढी यमकं," अण्णा म्हणाले, "आणि कविता नाही!"
आयुष्यभर त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचले.
मी पट्टी सोडते तेव्हा छताकडे बघतात
आणि विचारतात, "आज किती युनिट?"
मी सेंटिमीटरमध्ये सांगते.

पुराच्या आठवड्यात कॅम्पसची वीज गेली.
उणे ऐंशीचा फ्रीजर, त्यात माझी चार वर्षं
आणि ती हळूहळू उणे साठ, उणे पंचावन्न.
तेव्हा वरच्या मजल्यावरचा निषाद पारसनीस
छातीभर पाण्यातून आला, दोन पोरं घेऊन,
आणि आपली सोडियमची बॅटरी खाली आणली.
अजून प्रबंधातच होती ती, कुणी तपासलेली नव्हती.
"मीठच आहे शेवटी," तो म्हणाला, "खारट बोलू नकोस तिच्याशी."
एकोणचाळीस तास चालली.
जिन्याच्या चौथ्या पायरीवर एक मगर येऊन पडली होती.
खाली ती, वर तिच्या भाऊबंदांचं रक्त,
मधे मीठ, आणि आम्ही तिघं-चौघं
पारले बिस्किटं मोजून खाणारे.

रुग्णालयाकडून जंतू येतात ते बिननावाचे.
नियम आहे, आणि बरोबर आहे.
फक्त: पुरुष, एकाहत्तर, डावा पाय, अकरा तारीख.
मी काही बोलले नाही. हातमोजे बदलले.
दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत
सतराच्या थेंबाभोवती
एक रिकामं वर्तुळ होतं.
नऊ मिलिमीटर. पुन्हा मोजलं. नऊ.
इतकं सुंदर काहीच-नाही
मी कधी पाहिलं नव्हतं.

शोधनिबंधात शेवटून दुसरा परिच्छेद मर्यादांचा.
उंदरात हा रेणू दोन तासांत विरघळतो.
नमुने कमी आहेत. मूत्रपिंडाचं माहीत नाही.
माणसापर्यंत यायला दहा वर्षं, कदाचित पंधरा,
कदाचित नाहीच.
हे सगळं मी अण्णांना मराठीत सांगितलं.
सांगताना ते फार लहान झालं.
बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले,
"म्हणजे मीटर बसला. लाईन यायचीय."
आणि थोड्या वेळानं,
"त्याचा पाय परत उगवतो का गं?"
नाही, अण्णा.
"मग पोहतो कसा?"
तिरका. शेपटीनं सावरतो.
अण्णांनी मान हलवली, भिंत धरली
आणि स्वतःच निघाले मोरीकडे,
तिरके.

काल रात्री जशुभाईंनी पुलावरून हाक मारली,
"बेन, पेलो लंगडो!"
दोन तांबडे ठिपके, क्षणभर.
मी रेघ मारली.