सर्व्हे नंबर १४७, पोट एक

तीस वर्षं मी मोजणी खात्यात नकाशे आखले.
शाई वाळेपर्यंत श्वास धरायची सवय
अजून गेलेली नाही.
निवृत्तीच्या पैशांतून खोतीगावला हा तुकडा घेतला,
अकराशे चौरस मीटर, उताऱ्यावर एकटीचं नाव,
आणि पिकाच्या रकान्यात : पडीक.

पडीक म्हणजे काय ते आषाढात कळलं.
टायकिळा ओळखला.
तेरें ओळखलं, हाताला खाज सुटल्यावर.
रानमोडीला ओळखावं लागत नाही, तीच सगळ्यांना ओळखते.
बाकीच्यांसाठी वही केली,
डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर नाव.
उजवी पानं बरीच कोरी.

आणि विहिरीमागे काजऱ्यावर चढलेला तो वेल.
पान पाच बोटांचं, पण बोटं सारखी नाहीत,
वरून खरखरीत, मांजराच्या जिभेसारखं.
फोनला फोटो दाखवला, म्हणाला रानकारलं.
दुसऱ्या दिवशी, ढगाळ उजेडात, द्राक्ष.
मी फोन पालथा ठेवला.

एका रात्री वीज गेली म्हणून बॅटरी घेऊन बाहेर आले
तर वेलावर पांढरी फुलं,
कडा इतक्या उसवलेल्या
की कुणी काठ ओढून काढला असावा.
सकाळी आठला तिथे काही नव्हतं.
वहीत लिहिलं : रात्री उघडतं. मला न विचारता.

मग हिरवी फळं, मग पट्ट्यांची, मग लाल,
इतकी लाल की हात लावला नाही.
सुकांतीची बकरी कुंपणातून तोंड घालून सगळं खाते,
एकदा वाळत घातलेली चादरसुद्धा,
ह्या वेलाकडे मात्र बघतही नाही.
म्हणून नावाच्या जागी लिहिलं : विषारी?
प्रश्नचिन्ह पेन्सिलीने.

चवथीच्या आदल्या दिवशी फाटक वाजलं नाही
तरी आत माणसं होती.
काजऱ्यावर शांबा वेळीप, खाली त्याचा नातू दिपेश,
आणि दिपेशच्या हातात माझी तीन फळं.
"हें म्हजें भाट," मी म्हटलं, आवाज उताऱ्यासारखा.
"तुमचेंच," शांबा म्हणाला, खाली न उतरता.
"पूण हें आमी दर वर्सा हांगाच काडटांव."
दर वर्सा म्हणजे कधीपासून?
तो फांदीवर बसून मोजायला लागला, मग सोडून दिलं.
विहीर नव्हती तेव्हापासून, इतकंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले.
गणपतीच्या डोक्यावर माटोळी :
नारळ, सुपारीचा घड, महाळुंग, आंबाडे, कांगलां,
आणि मधोमध ती तीन लाल,
केवणीच्या सालीनं बांधलेली.
मान वर करून विचारलं, नाव काय ह्याचं?
दिपेशची आई म्हणाली, कवंडळ.
शेजारीण म्हणाली, छे, कवंडळ वेगळं, ते बारीक असतं.
दोघींचं बराच वेळ चाललं.
शांबा तेवढ्यात पान चावून झाला. मग म्हणाला,
"माटोळीचें,"
जणू उरलेलं वर्ष त्याला नाव लागतच नाही.

मी हात जोडले.
गणपतीला की त्या तिघांना, नक्की सांगता येणार नाही.

गडग्याचं काम दिवाळीनंतर काढलं.
गवंड्याला म्हटलं, विहिरीमागे अडीच फूट मोकळं सोड.
"कित्याक? फाटक बसोवपाक?"
नाही म्हटलं.
तुटक रेघ म्हणजे वहिवाट,
खात्यात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.
शेकडो नकाशांवर मी ती आखली,
दुसऱ्यांच्या जमिनींतून.

वहीतलं प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे.
वाटेचा पत्ता सगळ्यात आधी बकरीला लागला.
चादर आता मी आत वाळत घालते.