पेपरात येते काय

तांडापेठेत एप्रिलमध्ये सकाळी सातलाच
भिंत हाताला कोमट लागते.
नववी संपलेली, दहावी अजून लागलेली नाही,
तरी आम्ही लावलेली.
जादा तास. पत्र्याखाली बेचाळीस पोरं
आणि एक कूलर, माजी विद्यार्थ्यांनी दिलेला,
नावं अशी रंगवलीत
की कूलरपेक्षा नावंच जास्त दिसतात.

मागच्या बाकावरून हात वर येतो.
"म्याडम, हे पेपरात येते काय?"

एकोणीस वर्षं मी खरं उत्तर देत आले.
नाही म्हटलं की पेनं खाली.
एकट्या पेनाचा आवाज होत नाही.
बेचाळीस पेनांचा होतो.

मोठ्या सरांच्या खोलीत फळ्यावर लाल खडूनं
शाळेच्या निकालाचा आकडा,
आणि खाली माझ्या अक्षरात काठावरच्यांची यादी:
अठ्ठावीस ते चौतीस, अकरा नावं.
यांना ढकला, म्हणजे आकडा सरकतो.
अठ्ठावीसच्या खालच्यांची यादी करा
असं कोणी म्हटलं नाही.
मीही विचारलं नाही.
मला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं.

गेल्या वर्षी कूलरची ताटी बदलली.
पाणी सोडलं, आणि वाळ्याचा वास वर्गभर पसरला.
प्रणोती नंदनवार उभी राहिली, न विचारता:
"म्याडम, कोरडा होता तेव्हा काहून नव्हता येत?"
मागून कोणीतरी: "पेपरात येते काय बे?"
सगळे हसले. तीही बसायला लागली.

आणि मी म्हटलं, येते.
दोन गुणांना.

बेचाळीस नाकं एकदम वर झाली.
मला तरी कुठं नीट माहीत होतं!
मुळातलं तेल, ओली हवा,
जमेल तसं सांगत गेले, अडखळत,
आणि कितीतरी वर्षांनी
वर्गात मी एकटी नव्हते.

मग सवयच लागली.
रात्री फुटाळ्यावर पलीकडच्या काठाचं बोलणं
कानाशी बोलल्यासारखं का येतं: तीन गुण.
संत्र्याची साल मेणबत्तीशी पिळली
की ठिणग्या का उडतात: आकृतीसह, तीन.
खोटं बोलत होते, पण पोरं खिडकीबाहेर बघत होती,
मी दाखवलं तिकडं.
एवढं खोटं खपून जाईल, वाटलं.

निकालाच्या आठवड्यात प्रणोती आली.
एकसष्ट टक्के. डब्यात सोनपापडी.
"म्याडम, वाळ्याचा आलाच नाही ना."
हसत नव्हती.
"मी मुकपाठ केला होता."
आणि तिथंच, व्हरांड्यात, हात मागे बांधून
तिनं तो म्हणून दाखवला.
माझीच वाक्यं, माझ्याच जागी श्वास,
आणि मी जिथं अडले होते तिथं तीही थांबली
आणि म्हणाली, "म्हणजे, असं बघा..."

सोनपापडी टाळूला चिकटली.
शाबास म्हणाले बहुतेक.
दुसरं काही म्हणायला हवं होतं,
ते अजून सापडलेलं नाही.

चौकातल्या फ्लेक्सवर तिचा फोटो नव्हता.
ज्यांचे होते ते आता तर्री-पोह्याच्या गाडीवर
उन्हाच्या बाजूला बांधलेत.
एकाच्या कपाळाला भोक पाडून दोरी काढली आहे.

या एप्रिलमध्ये पुन्हा नवी ताटी.
पाणी. वास. मागून हात.
"म्याडम, हे पेपरात येते काय?"

नाही, म्हटलं मी.

पेनं खाली. मोजली, एकोणचाळीस.
उरलेल्या तिघांतला एक झोपला होता.
एकीनं ऐकलंच नसावं.
आणि लोकेश पराते, जो कुठल्याच यादीत नाही,
कूलरजवळ जाऊन ताटीतली एक काडी उपटून
चघळत उभा होता, डोळे बारीक करून.

काय लागते रे, मी विचारलं.

"थांबा ना म्याडम," तो म्हणाला.