हे नाव आधीच घेतलेलं आहे

दूध संस्थेच्या वरच्या खोलीत
सरकी पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप,
आणि माझा नियम एका ओळीचा:
नावाचं पहिलं अक्षर, मग आडनाव, मध्ये जागा नाही.
सांगलीत, विश्रामबागच्या ऑफिसात, छान चालला होता.

इथं येरळेकाठी सभासद सहाशे बारा,
त्यात मोहिते चारशे.
बापूसो, बाळासो, भीमराव, बजरंग
एकाच अक्षराच्या दारात खोळंबलेले.
बीमोहिते. बीमोहिते एक. दोन.
एकतीसपर्यंत यंत्र दमलं नाही, मी दमले.
"मला सतरावा का?" बजरंगआप्पांनी विचारलं.
"माझी म्हस तर पयल्या नंबरची हाय."

मग वडिलांचं नाव घातलं मध्ये.
मग जन्मतारीख,
तर निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं,
मास्तरांच्या सोयीनं.

सचिव गालात हसले, वही सरकवली.
वड्याकडचा बापू. लिंबाखालचा बापू.
मिलिटरीतला. भांडणाचा,
जो आता भांडत नाही पण नाव राहिलं.
चाळीस वर्षं कुणाचं दूध
कुणाच्या नावावर गेलं नव्हतं.
म्हटलं, हेच टाकू का?
ते दचकले. "तोंडावर न्हाई म्हणत कुणी."

दुपारी शालनकाकू आल्या
नातवाचं खातं काढायला.
आनंदा ज्ञानू मोहिते.
बटण दाबलं, लाल पट्टी आली,
मी मोठ्यानं वाचली:
हे नाव आधीच घेतलेलं आहे.
"व्हय की," काकू म्हणाल्या,
"घेतलंयच. ह्येच्या आज्याचं."

जुनं खातं उघडलं.
चार लिटर, फॅट सहा पूर्णांक दोन,
आषाढातली एक सकाळ,
आणि त्याखाली काही नाही.
आम्हाला शिकवलेलं असतं,
गेलेल्याचं नाव पुन्हा कुणाला देऊ नये,
हिशेब एकमेकांत मिसळतात.
काकूंच्या घरी त्यासाठीच देतात.

मी मागं दोन लावला.
"ह्यो काय?"
"दोन. दुसरे आनंदा."
काकूंनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
"न्हाई बाई. ह्यांचा आजाबी आनंदाच.
तीन लाव."

तेव्हा संस्था नव्हती,
त्या पहिल्याचं खातं कधी नव्हतंच.
तरी मी तीन लावला.
यादीत आता एक जागा रिकामी दिसते.
परवा ऑफिसातून फोन आला, चूक आहे का म्हणून.
म्हटलं, नाही, असू दे.