अर्धं जुन्यात, अर्धं नव्यात

सोहारच्या रक्तपेढीत, चार अंशांवर,
दोन पिशव्या शेजारी शेजारी.
आत दोघांचं रक्त, एकाच गटाचं,
एकत्र करून पुन्हा निम्मं केलेलं.
शिनासचा खल्फान, त्याची स्वतःची होडी आहे;
शिरपूरचा एकनाथ, ॲल्युमिनियमच्या भट्टीवर.
आता कुणी सांगून दाखवावं, कुठला थेंब कुणाचा.

जुन्या द्रावणात मीठ, ॲडेनीन, साखर, मॅनिटॉल.
नव्यात मीठ नाहीच.
त्याऐवजी खायचा सोडा आणि फॉस्फेट.
बिनमिठाचं टिकेल कसं, रोवेना विचारते.
तिच्या बेटावर मासळी मिठातच टिकते.
माझ्याकडेही. सोडे, आंबोशी,
बरणीच्या तोंडाशी आईनं दाबलेला मिठाचा थर.
पण पेशीला आपल्या सवयी ठाऊक नसतात.

दर सोमवारी चमचाभर काढून यंत्रात फिरवते.
वर सुटतं ते पाणी उजेडात धरायचं.
गुलाबी दिसलं
की आत कुणीतरी फुटलंय.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या आठवड्यात
मध्ये दाबलेले गुळगुळीत बत्तासे.
पाचव्यात त्यांना काटे येतात,
चपलेला चिकटतात तसले गोखरू.
जुन्यात जरा जास्त.
वहीत लिहिते: आकार बदलला.

पस्तिसाव्या दिवशी एकनाथ आला.
बाहेर सेहेचाळीस. शर्टावर मिठाचे नकाशे.
"ताई, माझं कुणाला चढवलं?"
मराठी ऐकून बरं वाटलं,
प्रश्न ऐकून नाही.
फॉर्मवर सगळं होतं, अरबीत आणि इंग्रजीत,
खाली त्याची सही.

कुणालाच नाही, म्हटलं.
कशात जास्त तग धरतं, ते बघतोय.
तो फ्रीजच्या काचेशी वाकला.
"किती दिवस?"
बेचाळीस.
"मग?"
जाळतो.
हसला. "आमचं बरंय की,
दोन वर्षांचं असतं."
जाताना फॉर्मच्या मागे नंबर लिहून गेला.

बेचाळिसावा दिवस.
फुटलेल्या पेशी: जुन्यात ०.५२ टक्के, नव्यात ०.३१.
दोन्ही पास. नवं पुढे, थोडक्यात.
रोवेना म्हणाली, बघ, मिठावाचून.
पिवळ्या पिशवीत टाकताना दोन्ही सारख्याच जड लागल्या,
सारख्याच गार.

खल्फाननं काही विचारलं नव्हतं.
एकनाथला लिहायला फोन काढला.
टक्के लिहिले, खोडले.
द्रावणाचं नाव लिहिलं, खोडलं.
"टिकलं" एवढंच पाठवलं.

त्याची रात्रपाळी सुटल्यावर उत्तर आलं:
एक अंगठा.