चाळीस पावलं

लोलयेच्या सड्यावर एक बंद चिरेखाण आहे,
तिच्या तळाशी आम्ही दुर्बीण लावतो.
वारा वरून जातो. कारवारकडचा उजेड काठाशी अडतो.
पण चिरा लबाड:
दिवसभर गिळलेलं ऊन
उशिरापर्यंत थोडं थोडं परत करतो,
आणि तेवढा वेळ आकाश
भट्टीवरच्या वाफेसारखं हलत असतं.

आग्नेलला त्याचा पुतण्या तळपणहून स्कूटरवर आणून सोडतो.
सोबत हुर्राकाचा वास आणि पान्यांची पिशवी.
चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं उघडली त्याने.
फोकसरला मोटर त्यानेच बसवली,
डोळ्यांपेक्षा अंगठ्याने चाचपत;
पंचायतीतल्या मेलेल्या प्रिंटरची,
जन्मभर रहिवासी दाखले पुढे सरकवलेली.
एका फेऱ्यात दोनशे पावलं, मग गिअर.
एक पाऊल म्हणजे केवढं, मी विचारलं.
त्याने स्वतःचा एक पिकला केस उपटला:
ह्याचे पंचवीस भाग कर, टिचर.

त्याआधी सगळं हाताने.
बटणाला बोट लागलं की तारा खरवसासारखा थरथरायचा.
श्वास धरून पाच मोजायचे, बघायचं,
पुन्हा बोट, पुन्हा थरथर.
कितीतरी रात्री आम्ही
ताऱ्यांची माफी मागण्यात घालवल्या.

आता मी दूर चटईवर, लॅपटॉपपाशी.
मोटर आधी नळी बाहेर सारते: तारा फुगून मेदूवडा होतो,
मधे भोक असलेला.
मग आत, आत, लहान, आणखी लहान, टिंब,
आणि थांबत नाही.
टिंब ओलांडून जाते, पलीकडे पुन्हा फुगवते.
पहिल्यांदा मी ओरडलेच, अरे, गेलं, गेलं!
वचूं दी, आग्नेल म्हणाला.
हरवल्याशिवाय तिला कळत नाही
कुठे होतं ते.

मग ती उलट येते, हवं त्याहून जास्त मागे,
आणि पुन्हा पहिल्याच बाजूने शिरते.
दात्यांत ढिलाई आहे, जराशी,
दोन्हीकडून येणाऱ्याला ती फसवते.
होडी धक्क्याला लावतानासुद्धा
प्रवाहाच्या तोंडावर यायचं, तो म्हणतो,
दरवेळी.

साडेदहा. अठ्ठावीस अंश.
नरतुरंग काठाच्या वीतभर वर, त्यात तो गुच्छ
नुसत्या डोळ्यांना कापसाच्या बोंडाएवढा.
पावणेदोन. तेवीस.
अॅल्युमिनियमची नळी आखडली, कुणाला दिसणार नाही इतकी.
अंधारात टिकटिक, उंदराने सुपारी कुरतडावी तशी.
चाळीस पावलं.
कोणी हात लावला नाही.

आग्नेल पडद्यावर वाकतो.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
मडगावच्या इस्पितळाने जूनची तारीख दिलीय.
मेदूवडा काय, टिंब काय,
त्याला दोन्ही ओल्या काचेमागचे दिवे.
आंकडो कितें म्हणटा?
दोन पूर्णांक एक.
आनी पयलीं?
नऊ.
तो मान हलवतो,
पाण्यात इंजिन पहिल्या दोरीला सुरू झाल्यावर हलवावी तशी,
आणि काजूच्या रसाने काळे पडलेले हात
उगाच पँटला पुसत राहतो.
काम नसलं की हात कुठे ठेवायचे
हे त्याला अजून जमलेलं नाही.

सतरावी फ्रेम चालू असताना तो उठला.
चाचपत नळीपाशी गेला
आणि सवयीने बटण फिरवून पाहिलं.
फिरलं नाही.
मोटरने धरून ठेवलं होतं.
घट आसा मरे, तो म्हणाला, खूश होऊन,
आणि आणखी एकदा जोर लावून पाहिला.

त्या फ्रेममध्ये प्रत्येक ताऱ्याला
एक बारीक शेपूट आहे, डावीकडे वळलेलं,
हजारो तारे, सगळ्यांना तेच.
बाकीच्या चौसष्ट फ्रेम मी एकावर एक रचल्या.
ती त्यांत घेतली नाही.
पुसलीही नाही अजून.